तेरा सेकंदांचा वारा

"मोहन! अरे मोहन! हात पुढे कर आधी! उजवा! उजवा हात, रे!"

आवाज लिमयेकाकूंचा. हा आवाज कॉव्हेंट्रीत लागला तर बर्मिंगहॅममधली कुत्री उठून बसतात. आणि त्या रविवारी काकू कॉव्हेंट्रीत नव्हत्या, नॉटिंगहॅमच्या स्टेडियममध्ये माझ्यापासून दहा पावलांवर होत्या. धावपट्टीच्या आतल्या हिरवळीवर पंचांखेरीज कुणी पाऊल टाकायचं नाही असा कडक नियम. त्या हिरवळीवरून काकू स्टीलचा डबा छातीशी धरून चालत येत होत्या. सुती साडी, वर जांभळं फ्लीस, पायात पांढरे ट्रेनर्स, पदर कमरेला खोचलेला. त्यांना अडवायला एक मार्शल धावत आला होता. तो हातावर शिऱ्याचा गोळा घेऊन, मान लववून परत गेला.

मी प्लास्टिकच्या स्टुलावर बसलो होतो. माझ्यासमोर तिकाटण्यावर वारा मोजायचं यंत्र, माझ्या उजव्या हातात त्याचं बटण. पन्नास मीटरवर आठ मुली स्टार्टिंग ब्लॉकमध्ये वाकल्या होत्या. चौथ्या लेनमध्ये केली.

"काकू, दोन मिनिटं. शर्यत सुटतेय."

"सत्यनारायणाच्या प्रसादाला दोन मिनिटं नसतात. आणि शर्यत कुणासाठी रे? तिच्यासाठीच तर पूजा घातली सकाळी. हात कर."

काकूंना तसंच उभं राहू दे जरा. मी इतकी वर्षं त्यांना तिथे उभं ठेवलंय, त्यांची हरकत नसते.

दरवर्षी मे महिना उजाडला की माझ्या उजव्या तळहाताला साजूक तुपाचा वास यायला लागतो. शुभा म्हणते, हे न्यूरॉलॉजीकडे पाठवायचं प्रकरण आहे. शुभा माझी बायको, भूलतज्ज्ञ. लोकांना झोपवणं हा तिचा व्यवसाय, पण माझी कुठलीही गोष्ट सुरू झाली की ती स्वतःच झोपते. या वर्षीही आला वास. खिडकीबाहेर शेजाऱ्याने गवत कापलं, त्या गवताचा ओला हिरवा वास आणि त्यात माझ्या हाताचं तूप. एवढ्यावर सगळं स्टेडियम उभं राहतं. उन्हाने तापलेल्या लाल रबराचा वास, मांडीला चोळायच्या मलमाचा डोळ्यांत जाणारा झणका, बर्गरच्या व्हॅनमधला जळका कांदा. लाउडस्पीकरवरचा तो माणूस, ज्याचा प्रत्येक शब्द बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा. आणि वारा. मिडलंड्सचा उन्हाळा म्हणजे काय, तर वारा. ऊन मंगळवारी दुपारी येऊन गेलेलं असतं. आपण कामावर असतो. वारा मात्र शनिवार-रविवारी न चुकता हजर.

केली आमच्या छातीच्या वॉर्डातली फिजिओथेरपिस्ट. मी त्याच वॉर्डाचा कन्सल्टंट. फुफ्फुसं फुंकायला लावणं, किती वारा आत गेला, किती बाहेर आला ते कागदावर लिहिणं, हे माझं आयुष्य. केलीचं काम त्याहून अंगमेहनतीचं. पेशंटच्या पाठीवर ओंजळीने थापट्या मारून कफ सुटा करायचा. आणि हे सगळं उरकून, संध्याकाळी पाच वाजता, ती शंभर मीटर हर्डल्स पळायला जायची. दहा अडथळे. पहिल्यापर्यंत आठ पावलं, मग प्रत्येक दोहोंमध्ये तीन. चौथं पाऊल पडलं की संपलं.

तिच्याबद्दल मी वॉर्डात बऱ्याच गोष्टी पसरवल्या. एकदा अलार्म वाजला तेव्हा तिने हातात चार्ट घेऊन औषधांची ट्रॉली, जेवणाची ट्रॉली आणि वाकून बूट बांधणारा एक रजिस्ट्रार डॉक्टर असे तिन्ही एका दमात ओलांडले, ही त्यातली सगळ्यात सौम्य. रजिस्ट्रारची गोष्ट खरी आहे. निदान तो वाकला होता, हे खरं.

पण तिची खरी गोष्ट माझ्या गोष्टींहून चिवट होती. शाळकरी वयात इंग्लंडच्या ज्युनियर संघाचा धावायचा पांढरा बनियन तिला एकदा मिळाला होता. तो ड्रॉवरमध्ये. मग मांडीचा स्नायू फाटला. मग कॉलेज, मग नोकरी, मग पुन्हा मांडी. दोन्ही गुडघ्यांच्या आत हर्डलच्या फळीने खरवडलेले डाग, जुने पांढरे, नवे जांभळे. आता मोठ्यांच्या इंग्लंड संघात जायचं तर एक ठरलेली वेळ धावून दाखवायची होती. लागोपाठ तीन उन्हाळे ती त्या वेळेपासून सेकंदाच्या काही शतांशांवर येऊन थांबत होती. शतांश म्हणजे किती? मी एकदा विचारलं होतं. तिने चहाचा कप खाली ठेवला आणि चुटकी वाजवली. म्हणाली, "ही चुटकी वाजते ना, ती वाजायला सुरुवात होते तेवढं."

हा चौथा उन्हाळा. ती सत्तावीस वर्षांची. हाच शेवटचा, असं तिने मला लिफ्टमध्ये सांगितलं होतं, पेशंटची व्हीलचेअर ढकलता ढकलता, जसं काही जेवणाची सुट्टी कधी आहे ते सांगावं.

मी या भानगडीत कसा आलो? क्लबला स्वयंसेवक कमी पडत होते. क्लबचा मुख्य पंच रॉन, रेल्वेतून निवृत्त झालेला, सहा फुटी, कपाळावर एक आठी कायमची. त्याने केलीला विचारलं, तुमच्या हॉस्पिटलात कुणी रिकामटेकडं आहे का? केलीने मला नेलं. रॉनने विचारलं, "काय करता?" म्हटलं, "लोकांचा वारा मोजतो." रॉन हसला नाही. त्याने मला सरळ यंत्रापाशी नेऊन बसवलं.

काम सोपं. स्टार्टरच्या पिस्तुलाचा धूर दिसला की बटण दाबायचं. हर्डल्सला यंत्र तेरा सेकंदांचा वारा मोजतं आणि आकडा देतं. पाठीमागून येणारा वारा सेकंदाला दोन मीटरपर्यंत चालतो. त्याहून जास्त असला तर धावणारीची वेळ निवडीसाठी धरत नाहीत. आणि आकडाच नसला, तरीही धरत नाहीत. रॉनने हे मला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा माझं बोट त्याच्या बोटाने बटणावर दाबून सांगितलं.

मला या खेळाची एक गंमत वाटायची, अजूनही वाटते, आणि वाटली की चरफड होते. समोर दहा अडथळे उभे. ते पाडले तरी चालतात. फळीला पाय लागून दहाच्या दहा आडवे करत गेलात तरी कुणी तुम्हाला बाद करत नाही. हर्डल मुळात पडण्यासाठीच बनवलेला असतो. दिसणारं सगळं माफ. आणि जो दिसत नाही, ज्याला हात लागत नाही, जो कुणी ठेवला नाही आणि कुणी उचलणार नाही, त्या वाऱ्यापायी सगळं रद्द. हे मी इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एकदा फार रंगवून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शुभा झोपली होती.

लिमयेकाकू यात आल्या त्या न्यूमोनियाच्या वाटेने. त्या उन्हाळ्याआधीच्या हिवाळ्यात कॉव्हेंट्रीहून आमच्याकडे चार दिवस राहायला म्हणून आल्या आणि पाचव्या दिवशी माझ्याच वॉर्डात दाखल झाल्या. केलीने त्यांची पाठ सकाळ-संध्याकाळ बडवली. काकूंना इंग्रजी येतं, पण त्या ते फक्त भांडायला वापरतात. तरी दोघींचं जमलं. बऱ्या झाल्यावर काकू ज्याला त्याला सांगायच्या, "धपाटे घालघालून जगवलं हो पोरीनं मला. सख्ख्या सुनेनं एवढे घातले नसते." सून तिथेच उभी असायची.

मग केलीचा चौथा उन्हाळा काकूंना कळला. अर्थात माझ्याकडून, आणि माझ्या पद्धतीने: सगळं इंग्लंड श्वास रोखून बसलंय वगैरे. काकूंनी ठरवलं, सत्यनारायण घालायचा. स्टेडियमसमोरच्या कम्युनिटी हॉलमध्ये, शर्यतीच्या सकाळी. पूजा सांगायला लेस्टरहून गुरुजी. रव्याचा अंदाज चुकला तो माझ्यामुळेच, कारण किती माणसं येतील असं काकूंनी मला विचारलं होतं. दोनशेंचा शिरा झाला, माणसं चाळीस. म्हणून काकू डबा भरून रस्ता ओलांडून आल्या. आधी स्टँडमध्ये वाटला, मग तिकीट फाडणाऱ्याला, मग लांब उडीच्या वाळूत उभ्या असलेल्या पंचाला. उरलो मी.

हं, तर काकू उभ्या आहेत. पळीभर शिरा डब्यातून वर आलेला आहे, केळ्याचा वास, वेलदोड्याचा वास. माझ्या उजव्या हातात बटण.

आता इथे कुणी इंग्रज असता तर त्याने काय केलं असतं? डावा हात पुढे केला असता. किंवा म्हणाला असता, तिथे ठेवून द्या. मीही पंचवीस वर्षं इंग्लंडात काढलेला माणूस. इथल्या राणीच्या राज्यात रांगेत उभं राहायला शिकलो, पावसात बार्बेक्यू करायला शिकलो. पण समोर सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन ऐंशीकडे झुकलेली बाई उभी असताना डावा हात पुढे करायला शिकलो नव्हतो. तो हात पुढे होतच नाही. मी प्रयत्न केला असेन असं म्हणायला मला आवडेल. केला नाही. मी बटण उजव्या हातातून गवतावर ठेवलं, तळहात पसरला, आणि शिरा घेतला. गरम होता. तसाच उचलून डोळ्यांना लावला. तोंडात टाकला.

आणि धूर.

पांढरा, छोटासा, स्टार्टरच्या डोक्यावर. आवाज नंतर आला.

त्या शर्यतीबद्दल मी जे सांगतो त्यात काहीही वाढवून सांगत नाही. तिथे वाढवायला जागाच नव्हती. बटण गवतात पडलेलं आणि मी त्याच्याकडे नाही, तिच्याकडे बघत होतो. आठ पावलं. पहिला. तिचं डोकं वर-खाली झालंच नाही. बाकीच्या सात जणी उड्या मारत होत्या, ही सरळ रेषेत चालली होती, खाली फक्त पायांचं काहीतरी चाललं होतं. तीन पावलं, फळी, तीन पावलं, फळी. शिवणयंत्र चालावं तसा आवाज. माझ्यासमोरून गेली तेव्हा तिच्या तोंडातून निघालेला श्वास मला ऐकू आला, आणि मी आयुष्यभर श्वास ऐकलेत. इतका मोकळा कधी ऐकला नाही. पाचव्या-सहाव्या हर्डलला मला बटण आठवलं. मी गवतात हात घातला. तुपकट बोटांतून ते मासोळीसारखं निसटलं. दाबलं तेव्हा ती नववा ओलांडत होती.

पाटीवर वेळ आली. ती ठरलेल्या वेळेच्या आत होती. चांगली, भरघोस आत. चुटकी पूर्ण वाजून वर हात झटकावा एवढी आत.

स्टँडमधून आमच्या चाळीस माणसांनी जो गलका केला, तसा त्या स्टेडियमने ऐकला नव्हता. काकूंनी डब्याचं झाकण थाळीसारखं बडवायला घेतलं. केली गुडघ्यांवर बसली होती, दोन्ही हात डोक्यावर, आणि रडत होती.

रॉन लिहायच्या फळीवर कागद लावून माझ्याकडे आला. पेन्सिलीचं टोक रकान्यात टेकवलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, इतका त्याचा विश्वास.

"वारा, डॉक?"

मी कोण आहे हे एव्हाना ध्यानात आलं असेल. मी तो माणूस आहे ज्याने मंडळाच्या कोजागिरीला खंडाळ्याच्या घाटात एका दमेकरी वाघाला इन्हेलर दिल्याची गोष्ट सांगितली आणि तिघांनी ती खरी धरली. थापा माझ्याकडे तयार असतात. मागाव्या लागत नाहीत. त्या क्षणीही तयार होती. अधिक एक पूर्णांक एक. सुंदर आकडा. ना फार कमी, ना संशय यावा असा. जिभेच्या टोकावर आला होता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या थापेची कुणाला तरी खरोखर गरज होती.

पण तोंडात शिरा होता. थाप मारायला तोंड मोकळं लागतं. मान हलवायला लागत नाही.

मी मान हलवली.

"म्हणजे?" रॉन म्हणाला.

मी गिळलं. "मिस झालं, रॉन."

"मिस."

"उशिरा दाबलं."

त्याने रकान्यात तीन अक्षरं लिहिली, ज्यांचा अर्थ वाऱ्याची माहिती नाही. मग माझ्या हनुवटीवर चिकटलेला रवा बघितला. मग काकूंकडे. मग तो निघून गेला. पुढच्या रविवारपासून मी हर्डल्स उचलून ठेवणाऱ्यांत होतो, अजूनही आहे. या प्रकाराला लोक माझा प्रामाणिकपणा म्हणतात. शुभा तर जागी राहून म्हणते. मी त्यांना शिऱ्याचं सांगत नाही.

लाउडस्पीकरवरच्या माणसाने बादलीत तोंड घालून जाहीर केलं. आमच्या स्टँडला कळलं नाही, ते नाचत राहिले. केलीला कळलं. ती उठली. तिने माझ्याकडे नाही, त्या यंत्राकडे बघितलं. मी तिच्याकडे गेलो, काकूही आल्या. मी जे काय बोललो त्याला आगापिछा नव्हता. ती स्पाइक्सच्या नाड्या सोडत होती. "ठीक आहे, डॉक्टर," ती म्हणाली, "पुढचा शनिवार आहे ना." आणि काकूंपुढे उजवा हात पसरला. डावा त्याखाली धरून. हे तिला कुणी शिकवलं होतं देव जाणे.

पुढचा शनिवार कार्डिफला होता. समोरून असा वारा की हर्डल्सच तिच्या अंगावर येत होते. पाऊस आडवा. त्यानंतर कॉव्हेंट्री. तिथे ती पुन्हा पळाली, जवळजवळ तेवढीच, आणि वारा निघाला दोन पूर्णांक एक. एक दशांश जास्त! मी तिथे नुसता बघायला गेलो होतो. यंत्रावर बसलेली बाई मला म्हणाली, काय नशीब बघा. मला तिचं यंत्र उचलून कालव्यात टाकावंसं वाटलं. आणि मग शेवटची संधी, पुन्हा नॉटिंगहॅम. त्या दिवशी पान हलत नव्हतं. इंग्लंडच्या इतिहासात असा दिवस आला नसेल. झेंडे काठीला फडक्यासारखे लोंबत होते. यंत्राने शून्य दाखवलं, स्वच्छ शून्य, आणि केलीचा मागचा पाय आठव्या हर्डलला लागला. ती पडली नाही. नुसतं चौथं पाऊल पडलं.

संघाची यादी लागली. तिचं नाव नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात टाचेची शीर गेली आणि तिने स्पाइक्स कुणाला तरी देऊन टाकले. वॉर्डात ती त्याच जोराने पाठी बडवत राहिली. मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. भांडण मला पेलतं. ती गुड मॉर्निंग म्हणायची.

आणि मी त्या तेरा सेकंदांच्या मागे लागलो. त्या रविवारी वारा किती होता? एवढंच मला हवं होतं. दोनच्या आत असला तर मी तिला बुडवलं. दोनच्या वर असला तर कुणीच काही बुडवलं नाही, ती वेळ तशीही मिळणार नव्हती, आणि मी सुटलो. बर्गरवाल्याला शोधून काढलं. तो म्हणाला, धूर सरळ वर जात होता, मग म्हणाला, जरा कललेला असेल. कुठल्या बाजूला? "धुराच्या बाजूला." शुभाने काढलेला एक फोटो आहे. त्यात मी, यंत्र, काकू. काकूंचा पदर बघितला की वारा कळला असता. पण पदर खोचलेला. भिंगाखाली बघितलं. एक सुरकुती हलत नाही. मी बागेत स्वतःचं वारामापक लावलं, जणू काही उरलेला वारा तिथे फिरत येईल. पार्ट्यांमध्ये गोष्ट सांगताना मी दरवर्षी वारा थोडा थोडा कमी करत गेलो: आधी झुळूक, मग झुळुकीचा भास, मग पान हलत नव्हतं. आणि एकटा असलो की वाढवत गेलो. आंघोळीच्या वेळी तर वादळ असायचं.

काकूंचं सहस्रचंद्रदर्शन झालं ते चार वर्षांनी, कॉव्हेंट्रीच्या हॉलमध्ये. ऐंशी दिव्यांनी ओवाळलं त्यांना. केली आली होती, निळ्या सलवार-कमीजमध्ये, काकूंनीच दिलेल्या. काकू सगळ्यांना ओरडून सांगत होत्या, "हीच ती, धपाटेवाली!" शिरा होताच. केलीने उजवा हात पुढे केला, डावा त्याखाली. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं आणि पार्किंगमधली झाडं वाऱ्याने नुसती पिंजून निघत होती.

आम्ही दारापाशी उभे होतो. ती चवीने, सावकाश खात होती. माझ्या तोंडात काही नव्हतं. मी मुद्दाम घेतलं नव्हतं.

"केली," मी म्हटलं, "तो रविवार. तू तर धावत होतीस, पाठीवर कळलं असेल तुला. खरं सांग. वारा किती होता ग?"

तिने बोटं चाटली. कागदी रुमालाला पुसली.

"मला काय माहीत," ती म्हणाली. "वारा मोजायला तुम्ही बसला होतात."